पाण्याखालची दारं

२ मार्च

माझं सासर पाण्याखाली आहे. लग्नाच्या आधीच गेलं. त्यामुळे सासरच्या घराला नावं ठेवायचा जो हक्क प्रत्येक सुनेला असतो तो मला मिळालाच नाही. धरणाच्या पाण्याला काय नावं ठेवणार.

आज त्याच सासरहून काम आलं. नवऱ्याचे, विलासचे (यापुढे वि.) चुलते दत्तूअण्णा सकाळच्या एसटीनं किकवीहून भोरला आले. चहा घेतला, दुसरा घेतला, मग म्हणाले, "सूनबाई, आमची दारं मोबाईलवर बसव."

मला समजलं ते असं. वैशाखात पाणी उतरतं, गाव उघडं पडतं. गाव म्हणजे चिखल. जोत्यांचे दगडसुद्धा लोकांनी उठताना गाड्यांत घालून किकवीच्या नव्या वसाहतीत नेले. देवीचं दगडी देऊळ तेवढं उभं. त्या दिवशी सगळे खाली उतरतात, पालखी निघते आणि जिथं जिथं दार होतं तिथं थांबते. भिंत नाही, चौकट नाही, तरी थांबते. घरवाले ओवाळतात, पालखी पुढे. जुने खांदेकरी गेले, उरलेले गुडघे धरून बसले. आता खांदा देणारे सगळे गाव उठल्यानंतर जन्मलेले. मागच्या वर्षी त्यांनी पालखी बराच वेळ गुरं धुवायच्या डबक्यापुढे थांबवली. अण्णा हे सांगताना हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही. आत गेल्यावर हसले.

भोरातल्या फोटोवाल्या नानांकडे त्या दारांचे फोटो आहेत म्हणे. चालताना मोबाईलवर एकेक दार क्रमानं दिसावं, मागचा डोंगर ताडून पाहता यावा, जागा चुकू नये. ॲप बनवणं हे माझं रोजचंच काम, करते म्हटलं. वि. तेवढ्यात कपबशा विसळत होता. दोन कपांना लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.


६ मार्च

नानांच्या स्टुडिओत आता झेरॉक्स काढतात. फोटो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. गाव उठायच्या आधीच्या हिवाळ्यात हे गृहस्थ कुणी न सांगता गेले आणि प्रत्येक दाराचा फोटो काढून आले. का, विचारलं. म्हणाले, "नवरानवरी काढून काढून कंटाळलो होतो. दारं डोळे मिटत नाहीत."

दुपारभर स्कॅन करत बसले. बाहेर ऊन, आत पंखा, मशीनचा उजेड फोटोखालून सरकत जातो. प्रत्येक वेळी वाटतं, आत कुणीतरी कंदील घेऊन ओसरीवरून माजघरात गेलं. बंद दारं, उघडी दारं, एका दारात शेळी. मागे सगळीकडे तोच डोंगर, थोडा थोडा सरकलेला.

फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीनं घरधन्याचं नाव. दोनांवर नुसतं 'दत्तू'. एक अण्णांचं मूळ घर: सागवानी चौकट, वर कोरलेलं कमळ, पितळी कडी. दुसरं दार नाहीच, बांबूची ताटी, पुढे अजून न वाळलेलं सारवण. वि. म्हणाला, अण्णांच्या आजोबांचं नाव दत्तू, त्यांच्या दोन मुलांनी आपापल्या थोरल्याला तेच ठेवलं. एक थोरला दत्तू, म्हणजे अण्णा. एक धाकटा दत्तू. एकाच घरात वाढले, एका हाकेला दोघं ओ द्यायचे.

मग त्याचं स्वतःचं दार आलं. गाव सुटलं तेव्हा तो पहिलीत. बराच वेळ पाहिलं. "एवढंच होतं?" म्हणाला आणि बाजारात गेला. पिशवी न घेता.


१० मार्च

आता ठेवायचे कुठं.

कुठल्याही ॲपमध्ये काही ऐवज न बदलणारा असतो: चित्रं, चिन्हं, अक्षरांची वळणं, आवाज. माझ्याकडे दारांचे फोटो आणि एक घंटा (बोटानं सरकवून पुढच्या दारावर गेलं की वाजेल; अण्णांची खास मागणी). एवढ्याशा ऐवजासाठी आठवडा डोकं चालवते आहे.

एक म्हणजे सगळं ॲपच्या पोटात घालायचं. मग रेंज असो नसो, दार दिसणार. पण पोट सुटतं, आणि वसाहतीतल्या मोबाईलांत जागा नाही. ती सगळी गुलाबांवर लिहिलेल्या शुभ सकाळनं व्यापली आहे. शिवाय एक फोटो बदलायचा तर अख्खं ॲप पुन्हा सगळ्यांच्या गळ्यात मारा.

दुसरं म्हणजे फोटो दूर, भाड्याच्या सर्व्हरवर. ॲप रिकाम्या हातानं जातं आणि लागेल तेव्हा फोटो मागवतं. सडपातळ, देखणं. फक्त रेंज हवी.

तिसरं, नोंदी ठेवायच्या डेटाबेसमध्येच फोटोही कोंबणं. गव्हाच्या कणगीत साड्या ठेवाव्यात तसं. नको.

ऑफिसातली केतकी वयानं माझ्या निम्मी, आत्मविश्वासानं दुप्पट. फोनवर म्हणाली, "ताई, पोटात आता कोण ठेवतं? बाहेर ठेवा. जगभर प्रती पसरतात, गावाच्या सगळ्यात जवळच्या मशीनवरून फोटो येईल." जवळचं म्हणजे कुठलं, विचारलं. मुंबई म्हणाली. तिच्या नकाशावर मुंबई आणि आमच्या धरणाचं वेल्हे एकाच बोटाखाली येतात.


१५ मार्च

वि.ला घेऊन पाण्यावर जाऊन आले. नसरापूरवरून वळलो, उजवीकडे राजगड धुरकट, कुणीतरी खोडायला घेऊन अर्ध्यात सोडल्यासारखा. मार्गासनीपर्यंत रेंजच्या काड्या होत्या. मग एक. मग तीही नाही.

पाणी अजून भरपूर. काठावर बसलो. वि. बोट करून सांगायला लागला, इथं आमचं, त्याच्या वर अण्णांचं, खाली तिकडं विहीर. पण पाणी हलत होतं, त्यामुळे बोट एका जागी ठरेना. वाळलेल्या झाडाचा शेंडा वर आलेला, त्यावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. मला उगाच वाटलं, खाली कुणाच्या तरी दांडीवर धुणं असंच असेल. डोळा लागला माझा. जागी झाले तेव्हा वि. तिथंच बघत होता, बोट मात्र खाली आलं होतं.

परतताना गाडीत ठरवलं. मधला मार्ग. फोटो सर्व्हरवर, पण एकदा पाहिलेला फोटो मोबाईलनं स्वतःकडे ठेवून घ्यायचा आणि वर्षभर पुन्हा मागायचा नाही. लोक किकवीत, रेंजमध्ये, एकदा ॲप उघडून पाहतील. मग खाली रेंज नसली तरी बिघडत नाही. पाण्याखालचं दार बदलणार आहे थोडंच. मोबाईलांना तसं लिहून दिलं: हे बदलत नाही, पुन्हा विचारू नकोस.

स्वतःवर खूश. जेवणात दोन चपात्या जास्त.


२१ मार्च

शेवंताकाकू आल्या. धाकट्या दत्तूंची बायको. ते जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. वसाहतीत एकट्या राहतात. डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला भोरला आल्या होत्या. पिशवीत माझ्यासाठी घेवडा.

काय हवं ते लगेच सांगितलं. लोक पाऊण तास हवापाणी बोलतात, ह्या नाही. गाव उठायच्या आदल्या दिवाळीला नवराबायको मूळ घरातून वेगळे निघाले. खालच्या आळीला दोन खोल्या बांधल्या. माघात राहायला गेले. वैशाखात पालखी दारी येणार, पहिल्यांदा स्वतःच्या दारी. चैत्रात ट्रक आले. त्या साली पालखी निघालीच नाही. पुढे पाणी उतरल्यावर जत्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा ठरलं, पूर्वी जिथं थांबत होती तिथंच थांबेल. काकूंच्या दारी कधी थांबलीच नव्हती.

"म्या दर साली ताट घिऊन हुबी ऱ्हाते," म्हणाल्या. "पालखी म्होरनं जाती. मंग पाठीमागनं ववाळते."

मी घेवडा मोडत होते, थांबले.

"तुझ्या मोबाईलात माझं बी दार घाल गं. पोरं मोबाईल बघून थांबत्याल. माझ्या तोंडाकडं बघून न्हाईत थांबायची."

ताटीचा फोटो लॅपटॉपवर दाखवणार होते. लाईट गेलेली, बॅटरी संपलेली. म्हणाल्या ऱ्हाऊ दे, जत्रंतच बघीन. एसटीची वेळ झाली.


२३ मार्च

अण्णांना फोन. मी वकिलासारखी सुरुवात केली, त्यांनी ऐकून घेतलं. आवाज चढला नाही; चढला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचं म्हणणं, मान मूळ घराला असतो. धाकटा वेगळा निघाला, त्याचा मान सुरू व्हायच्या आत गाव उठलं, यात दोष कुणाचाच नाही. पण नवा मान गाव देतं. "आन आता गाव कुठं हाय, सूनबाई?"

 मग तेच म्हणाले, "फोटू घाल. फोटू काय, फोटू हाय. थांबायचं पुढचं पुढं बघू."

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. जिथं फोटो, तिथं घंटा; जिथं घंटा, तिथं थांबणार. एक दार आत घ्यायचं की नाही हे मी, जिनं ते गाव पाहिलेलं नाही, भोरात पंख्याखाली बसून ठरवते आहे. घातलं.


४ एप्रिल

ॲप सगळ्यांच्या मोबाईलात गेलं. वसाहतीच्या ग्रुपवर दिवसभर घंटा. पोरांनी घंटेचंच रेकॉर्डिंग करून फिरवलं.

तक्रारी: एकांचं दार लहान दिसतं, थोडं मोठं करावं. एका वहिनींना दार निळं हवं, कारण नंतर ते निळं करायचंच होतं. कामथडीच्या एका गृहस्थांना जुन्या दाराऐवजी नव्या बंगल्याचं फाटक घालून हवं, रिमोटनं उघडतं ते. त्यांना विचारलं, धरणात रिमोट चालेल का. विचार करतो म्हणाले.

पण संध्याकाळी वि.च्या आत्यांचा फोन आला आणि त्या काही बोलल्याच नाहीत. मागून घंटा ऐकू येत होती. एक दार, मग दुसरं. त्या चालत होत्या वाटतं, आपल्या घरातल्या घरात.


१२ एप्रिल

काकूंचा फोन, शेजारणीच्या मोबाईलवरून.

"सूनबाई, दार ब्येस हाय. पन त्ये माझं न्हाई."

म्हटलं डोळ्यांचं असेल, थेंब घालताय ना.

"डोळ्याला काय झालंय. कमळ दिसतंय की. माझ्या दाराला कमळ कुठलं, माझ्या दाराला दारच नव्हतं, ताटी व्हती. ह्ये भावजींचं दार हाय. ह्या कमळाखालनं वाकून धा वरसं पानी आनलंय म्या."

उघडून पाहिलं. खरं आहे. पाठीवर 'दत्तू' म्हणून मी दोन्ही फोटोंना 'दत्तू-दार' हेच नाव दिलं होतं. आधी ताटी ठेवली गेली, मग त्याच नावानं कमळ आलं आणि ताटीवर बसलं. ताटी पुसली गेली, हूं की चूं नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी मी जे सांगते, एका नावाचे दोन ऐवज एका जागी ठेवू नका, तेच. एका आजोबांचं नाव दोन नातवांना ठेवलं आणि थोरल्यानं धाकट्याला झाकलं, थेट सर्व्हरवर.

अण्णांच्या फोटोला वेगळं नाव दिलं. 'दत्तू-दार' नावाखाली ताटी ठेवली. काकूंना म्हटलं, झालं, आता बघा.


१४ एप्रिल

झालं नाही. शेजारणीच्या मोबाईलवर अजून कमळ. वि.च्या आत्यांकडे कमळ. सगळ्या वसाहतीत कमळ फुललंय.

तासभर सर्व्हरला शिव्या घातल्या. मग आठवलं, सर्व्हर बिचारा बरोबर आहे. मीच मोबाईलांना लिहून दिलंय: बदलत नाही, पुन्हा विचारू नकोस. त्यांच्याकडे 'दत्तू-दार' आहे. ते कशाला विचारतील? वर्षभर तरी नाही. घरातल्या कुणी माझं इतकं ऐकलं असतं तर.

उपाय केला. आता प्रत्येक फोटोच्या नावाला त्याच्याच अंगातून काढलेली चार अक्षरं जोडली. फोटो बदलला की नाव बदलतं; नाव नवीन दिसलं की मोबाईल नव्यानं मागतो. लग्नात माझंही नाव बदललं होतं, हेतू हाच असावा, जुनी प्रत कुणी वापरू नये.

पण त्यासाठी प्रत्येकानं रेंजमध्ये असताना ॲप एकदा तरी उघडायला हवं. ग्रुपवर लिहिलं. माझ्या निरोपावर लगेच सूर्योदय आला, त्यावर चहाचा कप, त्यावर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. माझा निरोप तळाला.


४ मे

किकवीला वसाहतीत जाऊन आले. घरोघर. "ॲप उघडा." "बघितलंय की आमी." "पुन्हा उघडा." "दारं पुन्हा काय बघायची?" काहींनी उघडलं, काहींचे मोबाईल मुलांबरोबर पुण्याला कामावर गेलेले, काहींनी जत्रेपर्यंत डेटा राखून ठेवलाय. निम्म्यांचं झालं असेल.

काकूंच्या शेजारणीचं मी स्वतः केलं. काकूंनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.  पदरानं मोबाईलची काच पुसली आणि परत दिला. मग विचारलं, "थांबत्याल न्हवं?" थांबतील म्हणाले. मला काय अधिकार होता थांबतील म्हणायचा, देव जाणे.

शेवटी अण्णांकडे. ओट्यावर बसले होते. त्यांच्या मोबाईलात खालच्या आळीला अजून त्यांचंच कमळ. म्हटलं द्या, करून देते. दिला नाही.

"ऱ्हाऊ दे. माझं दार दोनदा येतंय, मला काय तोटा?"

मी बसून राहिले. समोर रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग एक कुत्रं गेलं. अण्णा मोबाईलकडे बघत म्हणाले, "येगळा निघाला तवा धाकटा ह्याच दारातनं गेला. जाताना कडी लावून गेला भाईरनं. आमी समदी आत." आणि मग, "त्येची ताटी म्या बघितली न्हाई. गेलोच न्हाई तकडं."

मोबाईल खिशात ठेवला. मी पुन्हा मागितला नाही.


१७ मे

उद्या.

दुपारी पडले तर स्वप्न. पाण्यात चालतेय, साडी कोरडी. दारं उभी, भिंती नाहीत. प्रत्येक दाराला मी नाव विचारते, सगळी म्हणतात दत्तू. एक ताटी वाऱ्यानं हलते, आत जाऊ का म्हणून हात लावते, तर पलीकडूनही कुणीतरी हात लावून उभं.

उठून सर्व्हरवर कितीजणांनी नवा फोटो मागवला ते पाहिलं. अजून निम्मेच. वि. म्हणाला, "तू आता देवीवर सोड." देवीकडे रेंज नाही, म्हटलं.


१८ मे, रविवार

आले आत्ता. पायांना अजून चिखल. आठवतंय तोवर लिहिते.

पाणी खूप उतरलेलं. गाव म्हणजे भेगाळलेली जमीन, ढेकळं चालताना हलतात. देऊळ ओलं, शेवाळाचं, दारात गुलाल. माझं सासर मी प्रथमच पाहिलं आणि तिथं पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी दोनदा डोळे पुसले. घाम असेल.

पालखी निघाली. पुढच्या-मागच्या खांदेकऱ्यांच्या एका हातात पालखीचा दांडा, दुसऱ्या हातात मोबाईल. घंटा वाजली, थांबले. मोकळ्या जमिनीवर दोन बायका ताट घेऊन पुढे आल्या, ओवाळलं. पुढे. पुन्हा घंटा. ऊन इतकं की पलीकडचा डोंगर पाण्यासारखा हलत होता आणि खरं पाणी दगडासारखं स्वस्थ. फोटोतला डोंगर, समोरचा डोंगर, जुळला की थांबायचं. एकदाही चुकले नाहीत. वि. आपल्या दारी आला, ताट मी धरलं. वि.नं खाली बघून पाय जरा उचलून टाकला. तिथं उंबरा असणार.

अण्णांच्या दारी सगळ्यात जास्त वेळ. रिवाजाप्रमाणं.

मग खालची आळी. घंटा वाजली. पुढचा म्हणाला, "ह्ये तर झालं की. कमळाचं दार. अण्णांचं." आणि चालायला लागला. मागचा थांबलेला. "न्हाई, माझ्यात येगळं हाय. ताटी हाय." दांडा एकीकडे ओढला गेला, पालखी तिरपी झाली, बाया ओरडल्या. मग सगळे मोबाईल बाहेर. कमळ. ताटी. कमळ. ताटी. "तुजं जुनं हाय." "जुनंच खरं आसतंय." "आरं ह्यो डोंगर बघ, हितनं कमळाला तसा दिसंल का?" रेंज असती तर एका क्षणात मिटलं असतं. हवेत हात वर करून चार जण रेंज शोधत होते, मोरपिसं फिरवल्यासारखे. मी पुढे होऊन सांगायला लागले, नवं ते खरं, चूक माझी आहे. कोण ऐकतो. एकानं विचारलं, तुमी ह्या गावच्या का.

पालखी मध्ये उभी. पाय रुततायत म्हणून खांदेकरी पाय बदलत होते. पण हलत नव्हती.

काकू आल्या. ताट घेऊन. डोक्यावर पदर, कारण भावजी समोर. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुणाकडे पाहिलं नाही. निरांजन लावलं, वाऱ्यानं विझलं, पुन्हा लावलं. पुढून ओवाळलं. मागून नाही, पुढून. वाद चालूच होता त्यांच्या डोक्यावरून. ओटी भरली. पाण्याचा तांब्या आणला होता, तो खांदेकऱ्यांच्या पायांवर ओतला, दारात आलेल्यांच्या पायांवर ओततात तसा. तेव्हा मात्र पोरं गप्प झाली.

अण्णा आले. मागच्याच्या हातातला मोबाईल घेतला. बराच वेळ त्या ताटीकडे बघत होते. मग काकूंनी जिथं पाणी ओतलं होतं त्या ओल्या जागेकडे. सगळे त्यांच्या तोंडाकडे: थांबलो म्हणायचं की नाही.

त्यांनी मोबाईल परत दिला. "चला," एवढंच म्हणाले. "ऊन लागतंय देवीला."

पालखी पुढे गेली. काकू तिथंच उभ्या, रिकामा तांब्या घेऊन. मी जवळ गेले. म्हणाल्या, "सारवन वलंच व्हतं गं अजून."


२१ मे

ग्रुपवर दोन तट. एकांच्या मते पालखी शेवंताकाकूंच्या दारी थांबली; सर्वांत जास्त वेळ थांबली, अण्णांच्या दारापेक्षाही. दुसऱ्यांच्या मते थांबली नाही, खोळंबली; ॲप बिघडल्यामुळे. मधल्यामधे कामथडीचे गृहस्थ फाटकाचा फोटो टाकतायत.

खरं म्हणजे दोन्ही बरोबर. ती माझ्या चुकीमुळे थांबली. चूक नसती, सगळ्यांकडे ताटीच असती, तर घंटा वाजून सरळ थांबली असती? की कुणीतरी म्हातारं मध्ये पडून म्हणालं असतं, हितं मान न्हाई, चला? माहीत नाही. वि.ला विचारलं. म्हणाला, काकूंना विचार. काकूंना विचारायचं धाडस नाही. त्यांनी घेवडा पाठवलाय, यावेळी दुप्पट.


२९ मे

शेजारच्या गुंजवणे गावच्या कुणीतरी त्या वेळी काढलेला फोटो ग्रुपवर आला. तिरपी पालखी, सगळ्यांच्या माना मोबाईलांत, आणि मध्ये काकू ताट घेऊन. मागे डोंगर, त्या जागेवरून दिसतो तसाच. काकूंचा शेजारणीकरवी निरोप: ताटीच्या जागी हा घाल. ताटीत म्या न्हाई, ह्यात हाय.

संध्याकाळी अण्णांचा फोन. फोटोचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मंडळ बसणार म्हणाले, जत्रेचं पुढच्या सालाचं ठरवायला. त्याला अवकाश आहे. मग म्हणाले,

"फोटू तुझ्या त्या सर्व्हरवर ठिवलास तर म्हागनं काडता येतो न्हवं?"

येतो, म्हटलं. मी इथून एका मिनिटात काढू शकते; रेंजमध्ये ॲप उघडलं की मोबाईलातूनही जातो.

"आन ॲपच्या पोटात घातलास तर?"

मग नाही. एकदा लोकांच्या मोबाईलात गेला की गेला. अख्खं ॲप सगळ्यांनी पुन्हा घेतल्याशिवाय मला नाही काढता यायचा, कुणालाच नाही.

"आसं," म्हणाले. पलीकडं हायवेवरच्या गाड्यांचा आवाज. "मंग तू बघ." फोन ठेवला.

काढायला सोपं पडावं म्हणून विचारलं की काढता येऊ नये म्हणून, ते कळलं नाही. परत लावायला नंबर काढला. लावला नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

फोटोला नाव दिलंय. शेवंता. नुसतं दत्तू लिहिणार होते, सवयीनं. ठेवायची जागा, सर्व्हर की पोट, अजून भरलेली नाही. दोन्ही वाटा उघड्या ठेवून खिडकीत बसलेय. भोरात आज हवा अशी की सगळं थोडं दूर गेल्यासारखं वाटतं. वि. जेवायला थांबून विचारतोय, काय झालं, काय ठरलं. म्हटलं, तू ताट घे, मी आले.